पट्टी सापडली, आता बोलू

मिरज

चि. सायली,

तू पाठवलेला कार्डिओग्रामचा फोटो मोठा करकरून पाहिला. सुरेख पट्टी आहे. आजाराच्या कागदाला सुरेख म्हणणारी आत्या तुला विक्षिप्त वाटेल. पण ज्या पोरीची धडधड दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवताच थांबते, तिची पट्टी हाती लागणं किती दुर्मीळ, ते डॉक्टरलाच कळतं. तुझा त्रास दहावीपासूनचा. आजवर जेवढे कार्डिओग्राम काढले ते सगळे नॉर्मल आले, कारण ते सगळे धडधड थांबल्यानंतरचे होते. साधा कार्डिओग्राम दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत जे घडतच नव्हतं ते कागदावर कुठून उमटणार? या वेळी मैत्रिणींनी तुला रात्रीच रिक्षात घालून कॅज्युअल्टीत नेलं, आणि तिथल्या पोरसवदा डॉक्टरने इंजेक्शन भरायच्या आधी पट्टी काढून घेतली. त्या मुलाला माझ्यातर्फे एक पेढ्यांचा पुडा नेऊन दे.

काल वहिनीचा फोन आला. ‘सायलीच्या हृदयात तार घालून जाळणार आहेत म्हणे,’ एवढं बोलून तिला रडू कोसळलं. मागून दादाचा आवाज, आधी सेकंड ओपिनियन, मग बाकीचं. मी प्रॅक्टिस बंद केली आहे, शिवाय घरच्यांच्या बाबतीत डॉक्टरने डॉक्टरकी करू नये अशा मताची मी आहे. पण निर्णय तुझा आहे, वय तुझं एकवीस आहे, आणि कारण समजल्याशिवाय तू कशालाच हो म्हणत नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. लांब होईल.

आधी पट्टी वाचायला शीक, अवघड काही नाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. मोठा चौकोन ५ मिलिमीटरचा, म्हणजे ०.२ सेकंदाचा, आणि मिनिटात असे ३०० चौकोन. दोन उंच टोकांच्या मध्ये किती मोठे चौकोन बसतात ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. तुझ्या पट्टीत दीडहून किंचित जास्त बसतात, म्हणजे वेग १९० च्या आसपास. टोकं अरुंद आहेत, म्हणजे खालच्या कप्प्यांत लहर नेहमीच्याच वाटेने उतरते आहे. ही चांगली गोष्ट. टोकांमधलं अंतर सगळीकडे अगदी सारखं आहे. घाबरल्यामुळे किंवा जिना चढल्यामुळे हृदय पळतं तेव्हा प्रत्येक टोकाच्या आधी पी नावाची एक बुटकी लाट असते. तुझ्या पट्टीत ती टोकाच्या आधी कुठेच नाही. व्ही-वन लीडमध्ये मोठ्या टोकाच्या शेवटी एक बारीक टेंगूळ आहे बघ, तिथे ती लपली आहे. धडधड थांबल्यावरच्या दुसऱ्या पट्टीत ते टेंगूळ नाहीसं झालंय. एवढ्यावरून तुझ्या डॉक्टरांनी ‘एव्हीएनआरटी’ लिहिलं, आणि मलाही तेच दिसतं. फाईलवर ‘पीएसव्हीटी’ असंही असेल, ते त्या घराण्याचं आडनाव समज.

आता त्या ‘टेन्शन’बद्दल. तुला बारावीत एकांनी परीक्षेचं टेन्शन सांगितलं, दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्यांनी झोपेची गोळी. मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. १९९७ साली अमेरिकेत १०७ पीएसव्हीटी रुग्णांचा मागोवा घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५५ टक्के लोकांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत तो ओळखू येईपर्यंत सव्वातीन वर्षं तरी गेली होती. ज्यांचं निदान हुकलं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांना भीती, चिंता, ताण अशी कारणं सांगितली गेली, आणि हे बायकांच्या वाट्याला पुरुषांच्या दुप्पट आलं. गंमत म्हणजे एव्हीएनआरटी मुळातच बायकांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे ज्यांना हा आजार व्हायचा, त्यांनाच ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकवलं जायचं. छाती मिनिटाला १९० वेळा आपटत असेल तर माणूस घाबरेल नाही तर काय करेल? भीती मागाहून आलेली असते.

यंत्राच्या आधी विचारायचे प्रश्न साधे असतात आणि मोफत असतात. धडधड हळूहळू चढते की बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते? थांबते तेव्हा एकदम थांबते का? गळ्याशी काही उडतंय असं वाटतं का? नंतर लघवीला खूप होते का? तुझी चारही उत्तरं ‘हो’ होती. गळ्यात उडतं कारण वरचे आणि खालचे कप्पे एकाच क्षणी आकुंचन पावतात; वरच्यांना रक्त खाली ढकलायला दार बंद मिळतं, ते मानेच्या शिरांत मागे धडकतं. मी रुग्णाला सांगत असे, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. जो एका लयीत भराभर वाजवतो त्याचा आजार वेगळा, जो मध्येच एक ठोका सोडून पुढचा जोरात मारतो त्याचा वेगळा, आणि ज्याला लय धरताच येत नाही त्याचा आणखी वेगळा. एक खेडवळ आजी तर पाटावर इतकं अचूक वाजवून गेल्या की कार्डिओग्राम काढणं ही निव्वळ औपचारिकता राहिली.

अर्थात बोटांच्या ठेक्यावर कोणी हृदयात तार घालत नाही, पुरावा लागतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घ्यायचं ठरवलं, तेव्हा १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं यंत्र पाठीवर बांधायला लागायचं आणि वजन होतं ३८ किलो. आज त्याच्याच नावाचं होल्टर मुठीत मावतं. पण तुझा झटका दोन-तीन महिन्यांतून एकदा येणार आणि होल्टर चोवीस तास लावणार, त्यात तो सापडावा तर दैवयोगच. तुझंही असंच झालं होतं ना? अशांना महिनाभर छातीवर चिकटवायची पट्टी किंवा झटक्याच्या वेळी दाबायचं छोटं यंत्र उपयोगी पडतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशी एक गाठ आहे, सायनस नोड, तिथून प्रत्येक ठोक्याची लहर निघते. १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीत मारबुर्गला बसून वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली दुसरी गाठ, एव्ही नोड, शोधून तिचं चित्र काढलं. पुढच्या वर्षी इंग्लंडात आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या वैद्यकीय विद्यार्थ्याने सायनस नोडचं वर्णन छापलं. फ्लॅकला ती रचना पहिल्यांदा दिसली ती चिचुंद्रीएवढ्या, जमीन पोखरणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात. वरच्या कप्प्यांतून खाली उतरायला या एव्ही नोडशिवाय एरवी दुसरा मार्ग नसतो, आणि इथे लहर सेकंदाचा दहावा हिस्सा मुद्दाम थांबते, खालचे कप्पे भरायला वेळ मिळावा म्हणून.

तुझ्या एव्ही नोडपाशी एकाऐवजी दोन वाटा आहेत. अनेकांच्या असतात, त्यांना आयुष्यभर कळतही नाही. एक वाट जलद आहे पण एकदा लहर गेली की सावरायला वेळ घेते. दुसरी मंद आहे पण लवकर सावरते. मुंबईहून येताना एक्स्प्रेस वे आणि खंडाळ्याचा जुना घाट असतो तसं समज. रोज लहर जलद वाटेने उतरते. कधी एखादा आगाऊ ठोका वेळेआधी येतो, जलद वाट अजून बंद असते, म्हणून तो जुन्या घाटाने रेंगाळत उतरतो. खाली पोचेपर्यंत जलद वाट मोकळी झालेली असते, तर तो तिच्यावरून उलटा वर चढतो, वरून पुन्हा घाटात शिरतो, आणि हे फिरणं चालू राहतं. प्रत्येक फेरीला खालच्या कप्प्यांना एक ठोका. वरच्या सायनस नोडचं कोणी ऐकत नाही.

लहर अशी स्वतःच्याच शेपटीमागे फिरू शकते हे आधी हृदयात नव्हे, जेलीफिशच्या मांसाच्या कापलेल्या कड्यात दिसलं होतं. हृदयाबाबत ते मांडलं जॉर्ज माइन्स नावाच्या केंब्रिजच्या तरुणाने. १९१३ आणि १९१४ च्या त्याच्या निबंधांत, प्राण्यांच्या हृदयाचं कडं कापून त्यात एकाच दिशेने फिरणारी लहर त्याने दाखवली, आणि तिचं फिरणंच आजाराचं कारण आहे हे सिद्ध करायची कसोटीही सांगितली: कडं एका जागी कापा, फिरणं थांबलं पाहिजे. वाक्य साधं आहे, पण तुला जे करायला सांगितलंय ते हेच आहे. माइन्स पुढे कॅनडात मॅकगिल विद्यापीठात गेला. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडला, अंगाला नोंदणीची यंत्रं जोडलेली होती, आणि तो वाचला नाही. वय २८. स्वतःवरच प्रयोग करत होता असं बहुतेक जण मानतात. तुझ्यापेक्षा सातच वर्षांनी मोठा होता हे मनात येऊन मला नेहमी चुटपुट लागते.

माइन्सची कसोटी माणसावर वापरायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. १९६८ साली ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदाने नॉर्थ कॅरोलायनातल्या एका मच्छीमाराची छाती उघडून हृदयातली जन्मजात जास्तीची वाट कापली. त्या माणसाला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट नावाचा प्रकार होता, तुझ्या प्रकाराचा चुलतभाऊ. तुझ्या शांत वेळच्या पट्टीत त्याची खूण, टोकाच्या पायथ्याशी दिसणारी तिरकी डेल्टा लाट, नाही. ती असती तर मी हे पत्र लिहीत न बसता गाडी काढून पुण्याला आले असते, कारण त्या प्रकारात क्वचित जिवाला धोका असतो. मग १९८० च्या दशकात छाती न उघडता जांघेतल्या शिरेतून तार नेऊन आधी विजेचा झटका, नंतर रेडिओफ्रीक्वेन्सीची उष्णता देऊन वाट बंद करण्याचं तंत्र आलं. १९९१ साली ओक्लाहोमातल्या जॅकमन यांच्या गटाने जास्तीची वाट असलेल्या १६६ रुग्णांपैकी १६४ जणांची वाट अशी बंद करून दाखवली. गोळ्यांवर आयुष्य काढणाऱ्यांचं जग त्या एका निबंधाने बदललं. मी तेव्हा ऐन प्रॅक्टिसमध्ये होते, आणि खरं सांगायचं तर वाचून विश्वास बसला नव्हता.

वहिनीला ‘जाळणं’ हा शब्द लागलाय. प्रत्यक्षात काय होतं ते तिला वाचून दाखव. तू जागी असशील, गुंगीचं औषध देतील. उजव्या जांघेत भूल देऊन शिरेतून दोन-चार बारीक तारा हृदयापर्यंत नेतील. आधी ईपी स्टडी: तारांमधून ठोके देऊन तुझी धडधड मुद्दाम सुरू करतील. तेव्हा घाबरू नकोस, त्यांना ती हवीच असते. वाट नक्की झाली की मंद वाटेच्या जागी काही मिलिमीटरचा ठिपका पन्नास-साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतील. नंतर थोडा वेळ थांबून धडधड पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतील, आणि ती सुरू झाली नाही की तारा बाहेर. टाका बहुधा लागत नाही, दुसऱ्या दिवशी घरी. अनुभवी हातांत शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचा आजार जातो. काहींना पुन्हा होतो, मग तेच परत करतात. धोका एक आहे आणि तो तुझ्यापासून लपवणार नाही: मंद वाटेच्या अगदी शेजारी खुद्द एव्ही नोड असतो. त्याला इजा झाली तर कायमचा पेसमेकर लागतो. हे शंभरात एकाहून कमी वेळा होतं, पण होतं. डॉक्टरांना विचार, तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, तुमच्या किती रुग्णांना पेसमेकर लागला, आणि माझ्या बाबतीत जागा फार जवळ वाटली तर गोठवण्याचं तंत्र, क्रायो, तुमच्याकडे आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडे करू नकोस, दादाचं सेकंड ओपिनियन मग मलाही मान्य.

घाई मात्र नाही. तुझं हृदय एरवी धडधाकट आहे, एको नॉर्मल आहे, हा आजार तुला मारणार नाही. काही करायचं नाही हाही एक रीतसर पर्याय आहे, रोज गोळी घेणं हा दुसरा. तारीख ठरेपर्यंत झटका आला तर काय करायचं ते शिकून ठेव. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आण. टेकून अर्धवट बसायचं आणि सिरिंजच्या तोंडातून दांडा जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं. फुंकणं संपताक्षणी सपाट झोपायचं आणि मैत्रिणीने तुझे दोन्ही पाय उचलून आणखी पंधरा सेकंद धरायचे. नुसतं कुंथण्याचा उपाय जुनाच, पण २०१५ साली इंग्लंडात ४२८ रुग्णांवर हे पाय उचलणं तपासलं गेलं: जुन्या पद्धतीने १७ टक्क्यांची धडधड थांबली, या पद्धतीने ४३ टक्क्यांची. खर्च सिरिंजचा. नाही थांबली तर कॅज्युअल्टी आहेच. चक्कर येऊन पडलीस किंवा छातीत दुखलं तर फुंकत बसायचं नाही, लगेच जायचं. तिथे दिलेल्या इंजेक्शनने ‘आता मी मेले’ असं वाटलं, असं तू लिहिलंस. ते अ‍ॅडिनोसीन. ते एव्ही नोडला काही क्षण पूर्ण गप्प करतं, म्हणून पट्टीवर ती भयंकर सरळ रेघ आली. रक्तातला त्याचा जोर दहा सेकंदांच्या आत निम्मा होतो. देण्याआधी रुग्णाला हे सांगून ठेवायला हवं, पण घाईत राहून जातं.

लग्नाचा प्रश्न वहिनीने फोनवर कुजबुजत विचारला. स्थळांना सांगायचं का? मी म्हटलं, आधी सायलीला लग्न करायचंय का ते विचार. पण त्या कुजबुजीत एक खरी वैद्यकीय गोष्ट दडलेली आहे: गरोदरपणात हे झटके वाढू शकतात आणि तेव्हा औषधांवर बंधनं येतात. म्हणून आधीच वाट बंद करून, म्हणजे अ‍ॅब्लेशन करून मोकळं व्हावं असा सल्ला तरुण मुलींना पुष्कळदा दिला जातो. माझंही मत त्याच बाजूला झुकतं. झटका गाडी चालवताना आला, परदेशात एकटी असताना आला, तर काय, हाही विचार आहेच. पण मत माझं, छाती तुझी.

आता तुझ्या रूममेटचं. तुझ्या त्या रात्रीपासून ती हातातलं घड्याळ बघत बसते, आणि त्यावर ‘ठोके अनियमित’ दिसल्यापासून तिने जेवण सोडलंय म्हणतेस. तू पाठवलेल्या तिच्या नोंदीत मध्येच एक ठोका वेळेआधी आहे, मग किंचित विसावा, मग नेहमीची चाल. एक्टोपिक म्हणतात. निरोगी माणसांना चोवीस तासांचं होल्टर लावलं तर पुष्कळांत असे ठोके सापडतात. अ‍ॅपल वॉचवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात चार लाख १९ हजारांहून अधिक लोक होते. अनियमित नाडीची सूचना त्यांतल्या ०.५२ टक्के लोकांना आली, आणि २२ ते ३९ वयोगटात तर ०.१६ टक्क्यांनाच. तुमच्या वयात घड्याळ फार कमी वेळा काही कामाचं सांगेल, आणि झोप मात्र रोज घालवेल.

‘पण ठोके चुकतायत तर गोळी का नको?’ असं ती विचारते. या प्रश्नाचं उत्तर माझ्या पिढीच्या डॉक्टरांना फार महाग पडलं, म्हणून ते जरा सावकाश सांगते. हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या ज्यांच्या पट्टीवर असे एक्टोपिक ठोके जास्त दिसतात, त्यांच्यात पुढे अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त असतं हे १९७०-८० च्या सुमाराला पक्कं माहीत होतं. मग ठोके बंद करा, माणूस वाचेल. इतकं सरळ वाटत होतं. ते बंद करणारी औषधंही होती, फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड. गोळी सुरू केली की पट्टी स्वच्छ व्हायची, डॉक्टर खूश, रुग्ण खूश. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची चाचणी घेतली गेली. तिच्यात तेच रुग्ण घेतले होते ज्यांची पट्टी या औषधांनी स्वच्छ झाल्याचं आधी पाहून घेतलं होतं. त्यातल्या निम्म्यांना औषध चालू ठेवलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. १९८९ साली चाचणी मध्येच थांबवावी लागली. सरासरी दहा महिन्यांत औषधाच्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, पोकळ गोळीच्या ७४३ पैकी २६.

पट्टी सुधारत होती आणि माणसं मरत होती. ही दोन वाक्यं एकत्र बसू शकतात हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. अ‍ॅटॅकने आधीच खरचटलेल्या हृदयात ही औषधं लहरीचा वेग कमी करून फिरत्या लहरींना नवीन रिंगणं तयार करून देत होती, म्हणजे माइन्सचंच कडं, पण औषधाने घडवलेलं. आणि गंमत बघ, तेच फ्लेकेनाइड धडधाकट हृदय असलेल्यांच्या काही धडधडींना आजही दिलं जातं आणि चांगलं काम करतं. औषध तेच, ठोके जवळपास तसेच, माणूस वेगळा. तुझ्या रूममेटला म्हणून विचार: कधी धावताना शुद्ध हरपली आहे का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? दोन्ही ‘नाही’ असेल तर एकदा साधा कार्डिओग्राम आणि एको करून घे म्हणावं, आणि तेही नॉर्मल आले तर रात्री घड्याळ काढून ठेव. एक्टोपिक ठोके एकूण ठोक्यांच्या दहा-पंधरा टक्क्यांवर गेले तर हृदय थकू शकतं, पण ते होल्टर सांगेल, मनगट नव्हे.

उलट टोकाला आपले नाना. त्यांना एका दिवसासाठीही धडधड जाणवली नाही, आणि घरातला सगळ्यांत धोक्याचा ठेका त्यांचा होता. मी मनगट धरायची तर दोन ठोक्यांतलं अंतर कधी सारखं नसे, आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजले तर मनगटापेक्षा ठोके जास्त भरत, कारण काही ठोके इतके अर्धवट भरलेले असत की मनगटापर्यंत पोचतच नसत. एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. इंग्लंडात बर्नली नावाच्या गिरण्यांच्या गावी जेम्स मॅकेन्झी हा साधा जनरल प्रॅक्टिशनर रुग्णांच्या मानेतल्या शिरेची नोंद वर्षानुवर्षं घेत असे. नाडी बेताल झाली की शिरेतली वरच्या कप्प्याची लाट नाहीशी होते, हे त्याला त्यातूनच दिसलं. त्यामागचं थरथरणं कार्डिओग्रामवर पकडलं थॉमस लुईसने, १९०९ साली. गावातली प्रॅक्टिस करताना मॅकेन्झीचा मला मोठा आधार वाटायचा.

थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते. अशा लोकांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट. म्हणून नानांच्या बाबतीत ठेका सरळ करण्यापेक्षा रक्त पातळ ठेवणं महत्त्वाचं होतं. वॉरफरिन, दर महिन्याला आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी, तो आकडा २ ते ३ मध्ये हवा. कोणीतरी त्यांना पालेभाजी बंद करायला सांगितलं आणि ते मेथीवाचून कासावीस झाले. बंद करायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, तपासण्यांची कटकट नाही. पण लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसलेल्यांना, आणि असे रुग्ण आपल्याकडे अजून कमी नाहीत, जुनं वॉरफरिनच बरं. २०२२ साली ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने हे दाखवलं, तेही आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णांवर. आमच्या रुग्णांसारखे रुग्ण घेऊन कोणी प्रश्न सोडवला याचाच मला आनंद.

पेसमेकरबद्दल वहिनीच्या डोक्यात जे भूत बसलंय तेही काढून टाक. १९५८ साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला तो काही तासच चालला. पुढे आयुष्यात त्यांना एकूण २६ यंत्रं लागली आणि ते ८६ व्या वर्षी, २००१ साली, भलत्याच आजाराने गेले. आपल्याकडे अडचण यंत्राची नसते, पैशाची असते. अमेरिकेत मरण पावलेल्यांच्या शरीरातून काढलेले, बॅटरी शाबूत असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईत होली फॅमिली हॉस्पिटलमधल्या गरीब रुग्णांना बसवले, आणि ते सुरक्षित ठरल्याचं २०११ साली छापून आलं. तिथे मेलेल्याचं यंत्र इथल्या माणसाला चालवतंय, हे ऐकून पेसमेकर बसवलेले नाना म्हणाले होते, मग माझं का जाळता? आणि खरंच, दहनाआधी ते काढावंच लागतं, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो.

तर कामाचं. सबमिशन आणि परीक्षा होऊन जाऊ दे, त्यानंतरची तारीख घे. पट्टीची मूळ प्रत हॉस्पिटलकडून मागून घे, फोटोवर विसंबू नकोस. हे थर्मल कागद वर्षभरात पुसट होतात, म्हणून झेरॉक्स काढून फाईलला लाव. धडधडीची गोळी चालू असेल तर ईपी स्टडीआधी किती दिवस बंद करायची ते त्यांनाच विचार, चालू राहिली तर धडधड सुरूच होणार नाही आणि सगळा खटाटोप वाया जाईल. मी आदल्या संध्याकाळी येईन. दादाला सांग, कॅथ लॅबच्या बाहेर येरझारा घालायला एकच माणूस पुरे, आणि ती मी आहे. वहिनीला रविवारी अकरानंतर फोन करायला सांग, तोपर्यंत मी बाजारात असते.

तुझी,
आत्या